जवानबाबाची खोळ

आमच्या गावचा देव चोविसाव्या वर्षी लढाईत मेला. हे गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही आणि उरलेल्या निम्म्यांना ते आठवायचं नाही.

अणदूरच्या पुढं हमरस्ता सोडून आत वळलं की वेशीतच त्याचा कट्टा लागतो. वर पत्र्याचा मंडप, खाली आमदार फंडातली फरशी आणि मधोमध शेंदरानं थबथबलेला, ना डोकं ना हात असा एक लालभडक गोळा. हाच आमचा जवानबाबा. नवी नवरी गावात आली की आधी इथं उतरते, कट्ट्यावर चढून हळदीकुंकू वाहते आणि नवऱ्यासाठी उदंड आयुष्य मागते. मी कळंबहून लग्न होऊन आले तेव्हा मीही मागितलं. आपण कुणाकडं काय मागून आलो, हे मला घरी गेल्यावर कळलं. जवानबाबा म्हणजे माझे चुलत सासरे, बलभीम. एकाहत्तरच्या लढाईत गेलेले. त्यांची बायको कडूबाई आमच्याच घरात, न्हाणीशेजारच्या खोलीत राहते. मी त्यांना थोरल्या आत्या म्हणते.

त्या काळी लढाईत गेलेल्या माणसाचा देह घरी येत नसे. तार आली, मागून त्यांच्या सामानाची एक लोखंडी पेटी आली, आणि संपलं. तेव्हा गावाला थोडी लाज होती, असं मी म्हणते आणि सासरे रागावतात. गावानं नव्या विहिरीतून निघालेला काळा दगड पाथरवटाकडून घडवून घेतला, त्यावर नाव, पलटण आणि तारीख कोरली आणि तो वेशीत उभा केला. कट्ट्यासाठी मुरूम बायांनी डोक्यावरून वाहिला. त्यात थोरल्या आत्याही होत्या, तेव्हा जेमतेम विशीतल्या. त्यांना वाचता येत नाही. पण सांजेला पाण्याला जाताना त्या घागर खाली ठेवायच्या आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या. नवऱ्याचं नाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे त्यांच्या बोटाला पाठ होतं.

पुढं एका ट्रकवाल्यानं घात केला. कांद्याचा ट्रक वेशीत उलटला, दगडाला टेकून थांबला आणि ड्रायव्हर वाचला. तो बिचारा परमुलखातला. दगड कुणाचा, का उभा केला, याची त्याला काय कल्पना? आठ दिवसांनी तो तेल आणि शेंदूर घेऊन आला आणि दगडाला माखून गेला. मैलाचा दगड असता तरी त्यानं तेच केलं असतं. राग मला त्याचा येत नाही. त्याच्यामागून ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही शेंदूर लावला, त्यांचा येतो. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा पोरगा पोलीस भरतीत लागला, की लाव शेंदूर. थरावर थर चढले, त्यांची हातभर जाड खोळ झाली आणि नाव आत गडप झालं. आता भरतीला जाणारी पोरं इथं नारळ फोडतात, आणि भरती झाली की सीमेवर पाठवू नको म्हणून दुसरा नारळ त्यांच्या आया फोडतात. नवसाची बकरी पडतात. घरात बकरं कापायचं असलं की बलभीम शेतात निघून जायचे, त्यांना रक्त बघवायचं नाही, असं थोरल्या आत्या सांगतात. पण देवाला काय बघवतं ते देवस्थान कमिटी ठरवते.

दगडाचा देव झाला आणि सोवळं आलं. विधवेनं कट्ट्यावर चढायचं नाही, हा नियम कधी झाला ते कुणी सांगत नाही. थोरल्या आत्यांना मात्र तो दसरा आठवतो. त्या वर चढल्या होत्या आणि चारचौघींत त्यांना खाली उतरवलं. उतरवणारे माझे सासरे योगीराज, बलभीमचे सख्खे धाकटे भाऊ आणि आता देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. तेव्हापासून थोरल्या आत्या रस्त्याच्या पलीकडून हात जोडतात. स्वतः वाहिलेल्या मुरमावर पाय ठेवत नाहीत.

गेल्या डिसेंबरच्या आधी पलटणीतून फोन आला. जुन्या लढाईतल्या शहिदांच्या गावी जाऊन पुष्पचक्र वाहायचं ठरलंय, कर्नलसाहेब येतील. घरात एकदम धावपळ उडाली. थोरल्या आत्या भाकरी कुस्करत होत्या. मला म्हणाल्या, "निकिता, सायेब येणार म्हंजी त्यास्नी नाव दावावं लागंल की."

"व्हय, आत्या."

"मग खोळ काढत्याल व्हय गं?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"माज्या डोळ्यांला आता दिसत न्हाय," त्या म्हणाल्या. "पर बोटाला कळंल. एकडाव नावावनं हात फिरीवते, मग देवानं कवाबी न्यावं. मला दुसरं काय बी नगं."

दुसरं काही त्यांनी आयुष्यात मागितलेलं मी तरी ऐकलं नाही. मी ताटावरून उठले आणि ओसरीवर सासऱ्यांपुढं उभी राहिले.

"मामा, साहेब यायच्या आधी खोळ काढूया. खाली नाव आहे."

"खोळ माणसानं काढायची नसती. देवाच्या मनात आलं की देव आपुन सोडतोय."

"ते तुमचे भाऊ आहेत, मामा."

"व्हते. आता गावाचा हाय त्यो. माजा बी न्हाय अन् तिचा बी न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अवसेला पार कर्नाटकातनं माणसं येत्यात. उद्या खोळ फोडली अन् गावात काय इपरीत झालं तर लोक कुणाला धरत्याल? तुला का मला?"

ते घाबरले होते हे खरं. पण भीतीपेक्षा अध्यक्षपण जास्त होतं, हेही तितकंच खरं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला काय पडलंय, सोड. आमच्या घरात सगळे प्रश्न असेच सुटतात.

नाव दाखवायचं म्हणून मग फ्लेक्स आला. बलभीमचा फोटो घरात एकही नाही. फ्लेक्सवाल्यानं कुठल्याशा भरदार छातीच्या जवानाचं अंग घेतलं आणि त्यावर माझ्या सासऱ्यांचा चेहरा तरुण करून बसवला. सख्खा भाऊ, म्हणजे सारखाच दिसत असणार, असा हिशोब. खाली कमिटीच्या सगळ्यांचे फोटो होते. थोरल्या आत्यांनी मला विचारलं, "कसे दिसत्यात गं?" मी म्हणाले, छान दिसतात. त्या हसल्या आणि मला रडू कोसळलं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मांडव घातला. पुढं पुढारी, मागं शाळेची पोरं, कट्ट्याजवळ ताटं घेऊन सवाष्णी. थोरल्या आत्यांना रस्त्याच्या पलीकडं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. धुवट पांढरं लुगडं नेसून त्या उजवा हात मांडीवर धरून बसल्या होत्या. कुणी वस्तू देईल आणि ती घ्यायचीय, असा तो हात होता.

कर्नलसाहेब उतरले. उंच, शांत माणूस, हिंदी बोलणारा. त्यांनी कट्ट्याकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "शहीद का नाम कहाँ लिखा है?"

सासऱ्यांनी फ्लेक्सकडं बोट दाखवलं. साहेबांनी फ्लेक्स पाहिला, मग सासऱ्यांचं तोंड पाहिलं. चेहरा एकच, हे त्यांच्या ध्यानात आलं. मला बरं वाटलं.

"और उनकी पत्नी?"

आता पलीकडच्या खुर्चीकडं बोट दाखवणं भाग होतं. साहेब स्वतः रस्ता ओलांडून गेले, वाकून थोरल्या आत्यांच्या पाया पडले आणि पुष्पचक्र त्यांच्या हातात देत म्हणाले, "माताजी, पहले आप."

पुजारी मार्तंडकाका घाईनं पुढं आले. "त्या खालनंच वाहतील, साहेब. वर... वर जमत नाही त्यांना."

साहेबांनी बूट काढले. वयामुळं चढवत नसेल असंच त्यांना वाटलं असणार, दुसरं काही भल्या माणसाच्या डोक्यात येणार तरी कसं? त्यांनी आत्यांच्या दंडाला धरलं आणि एकेक पायरी करत वर नेलं. सवाष्णी ताटं सावरत बाजूला झाल्या. सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि वर्दी बघून मिटलं.

थोरल्या आत्यांनी पुष्पचक्र ठेवलं. मग त्यांनी हात पुढं केला आणि दगडावर टेकवला. मी कट्ट्याच्या कडेलाच उभी होते. त्यांचं बोट वरून खाली आलं, डावीकडून उजवीकडं गेलं, परत वर गेलं. नख लावून त्यांनी थोडं खरवडलंही. शेंदूर लोण्यासारखा बोटांवर आला, खाली पुन्हा शेंदूरच होता. साहेब सलामी देऊन उभे होते, पोरं टाळ्या वाजवत होती, आणि आत्या दगड चाचपत होत्या.

"गुळगुळीत हाय गं सगळं," त्या माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या. "काय बी लागंना."

मी तोंडात पदर कोंबला. त्या दिवशी खोळ फोडायला मी पहार का उचलली नाही, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? मीही त्याच गावची सून.

चहा झाला, सत्कार झाला, गाडी गेली. धूळ बसायच्या आत सासऱ्यांनी माझ्यापुढं बादली ठेवली. पाण्यात गोमूत्र कालवलेलं होतं. थोरल्या आत्या पुन्हा पलीकडच्या खुर्चीवर होत्या आणि सगळं ऐकत होत्या, पण सासऱ्यांनी आवाजही कमी केला नाही.

"कट्टा धुऊन घे. घरच्या सवाष्णीनं धुतला म्हंजी भागलं."

"मी धुणार नाही," मी म्हणाले.

आकाश काही कोसळलं नाही. सासूबाईंनी पदर खोचला, बादली उचलली आणि वर चढल्या. आणखी दोघीजणी केरसुण्या घेऊन मागं गेल्या. तेवढ्यात पलीकडून थोरल्या आत्यांचा आवाज आला, चांगला खणखणीत. इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"धुवा गं बायांनो. चांगलं धुवा. त्यांचं नाव निघंस्तवर धुवा."

सासूबाईंचा हात क्षणभर थांबला. सासऱ्यांनी रस्त्याकडं पाठ केली. मग केरसुण्यांचा आवाज सुरू झाला.

दगडाला कुणी पाणी लावलं नाही. थोरल्या आत्यांची पावलं जिथं जिथं पडली होती, तेवढ्याच फरशा त्या तिघींनी नेमक्या घासून काढल्या. शेजारी कर्नलसाहेब जिथं उभे राहिले होते, त्या फरशीवर पाण्याचा थेंबही पडू दिला नाही.