हलवले

वल्लरी खरेला त्या सकाळी जखमी व्हायचं नव्हतं. तिला तंबूत, संगणकाच्या पडद्यासमोर बसायचं होतं. ज्या कामापायी तिने गेल्या वर्षभराच्या सुट्ट्या आणि एक ठरत आलेलं लग्न दोन्ही लांबवलं होतं, ते काम आज पहिल्यांदा उघड्यावर चालणार होतं. पण जखमी म्हणून ज्या कॉलेजची मुलं यायची होती, त्यांची तोंडी परीक्षा ऐन वेळी निघाली आणि वाघोलीच्या एका रिकाम्या गोदामातल्या तालमीला माणसं कमी पडली.

"वल्लरी, तू आडवी हो," रंगनाथ सर म्हणाले. सर म्हणजे प्रोजेक्टचे प्रमुख. "पडदा मी बघतो."

"सर, पण मला बघायचं होतं…"

"अगं, झोपायचंच तर आहे. या प्रोजेक्टमध्ये इतकं सोपं काम आजवर कुणाला मिळालंय?"

दोन हजार सालाच्या आसपास पुण्यात कुणी 'मी सॉफ्टवेअरमध्ये आहे' म्हटलं, की पुढचा प्रश्न 'मग अमेरिकेला कधी?' हाच असायचा. वल्लरीला सदाशिव पेठेतल्या तिच्या घरी तो रोज विचारला जाई. तिच्या वर्गातली निम्मी मुलं तिकडच्या बँकांची आणि विमा कंपन्यांची कामं करत होती. वल्लरीच्या वाट्याला मात्र इथलंच काम आलं होतं. शहरात कुठे स्फोट झाला, इमारत पडली, टँकर उलटला, तर अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिका तिघंही धावत. पण प्रत्येकाचा वायरलेस वेगळा, नियंत्रण कक्ष वेगळा, आणि दुसऱ्याचं काय चाललंय हे कळायला मधला दुवा एकच, टेलिफोन. तो अशा वेळी हमखास एंगेज लागे. वल्लरीच्या कंपनीने तिघांसाठी एकच पडदा करायचं काम घेतलं होतं. जागेवरच्या प्रत्येक पथकाच्या हातात काडीने टोचायचा एक छोटा संगणक द्यायचा. त्यावर एकाने नोंद केली, की ती तिघांनाही दिसेल.

यंत्रं जोडायला वेळ लागला नाही. वेळ गेला तो शब्दांत. अग्निशमन दलाचे अधिकारी संपत जगदाळे म्हणत, जखमीपुढे 'बाहेर काढला' असंच हवं. रुग्णवाहिकांच्या डॉक्टर राजनंदिनी मूळच्या नांदेडच्या, बोलायला मऊ, पण हटायच्या नाहीत. त्यांना 'ताब्यात घेतला' हवं होतं. पोलीस निरीक्षकांना 'रवाना' सोडून दुसरं काही चालत नव्हतं. बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी वल्लरीनेच तोडगा काढला. तिघांसाठी एकच शब्द, 'हलवले'. कुणीही ते बटण टोचलं, की पडद्यावरचा त्या जखमीचा लाल ठिपका हिरवा होणार. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. त्या सगळ्या काळात तिघांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. रंगनाथ सरांनी खूश होऊन सगळ्यांना मस्तानी पाजली होती.

तर वल्लरी आडवी झाली. तिच्या गळ्यात सात नंबरचं कार्ड अडकवलं होतं: 'पाय मोडला आहे. शुद्धीवर. बोलता येत नाही.' गोदामात खोटा धूर सोडला गेला, भोंगा वाजला, आणि थोड्याच वेळात मुखवटे घातलेली दोन माणसं आली. त्यांतले एक खुद्द जगदाळे होते. त्यांनी तिला इतक्या हलक्या हाताने स्ट्रेचरवर घेतलं, की खरंच पाय मोडला असता तरी फारसं दुखलं नसतं. बाहेर आणून एका कडुनिंबाखाली ताडपत्रीवर ठेवलं. जगदाळ्यांनी कमरेचा संगणक काढला, तिच्या नंबरावर काडी टोचली आणि ते धावत पुन्हा धुरात शिरले. आत अजून माणसं होती. त्यांनी केलं ते अगदी बरोबर केलं.

ताडपत्रीवर आधीच एक बाई निजलेली होती. पन्नाशीची, डोक्यावरून पदर घेतलेली. कार्डावर शब्द एकच होता, 'मृत'.

"मला मेलेली केलीया," ती डोळे न उघडताच म्हणाली. "गोदाबाई म्हन्त्यात मला. हितंच मागच्या वस्तीवर ऱ्हाते. तुमाला काय झालंय?"

वल्लरीने कार्डाकडे बोट दाखवलं.

"मला वाचाया येत न्हाई. बोला की."

वल्लरीने ओठांवर बोट ठेवून मान हलवली.

"बरं, मुकी. ऱ्हाऊ द्या मग," असं म्हणून गोदाबाई पुन्हा मेली.

रुग्णवाहिका येऊ लागल्या. एक आली, फाटकापाशी ठेवलेल्या दोघांना घेऊन गेली. दुसरी आली, तीही फाटकापाशीच थांबली. राजनंदिनी खाली उतरल्या, हातातला पडदा पाहिला, इकडेतिकडे नजर टाकली. ती वल्लरीवरूनही फिरली आणि पुढे गेली. वल्लरीला क्षणभर वाटलं, आता येतील. मग तिला उमगलं. सात नंबरचा ठिपका केव्हाच हिरवा झालेला असणार. डॉक्टरांच्या लेखी सात नंबरची बाई दुसऱ्या गाडीतून गेलेली आहे. झाडाखाली कुणी दिसतंय ते मृत असणार, नाहीतर बघ्यांपैकी असणार.

ती उठू शकत होती. उठून तंबूपर्यंत जाणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. पण कार्डावर लिहिलं होतं पाय मोडला आहे, आणि खरोखरच मोडला असता तर? ती पडून राहिली. आधी हे तिने तपासणी म्हणून केलं. किती वेळाने लक्षात येतंय ते पाहू, असं मनाशी म्हटलं. मग ऊन सरकून तोंडावर आलं, मुंग्यांनी मान शोधून काढली, घसा कोरडा पडला आणि तपासणीचा विचार कुठल्या कुठे गेला. समोर माणसंच माणसं होती. सगळी कामात, सगळी शहाणी. कुणी तिला विसरलं नव्हतं. सगळ्यांना ती गेली आहे हे पक्कं ठाऊक होतं. विसरलेलं माणूस केव्हातरी आठवतं. हिरव्या झालेल्या माणसाला आठवायचं कुणाला काही कारणच उरत नाही. हे मनात आलं आणि भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

शिट्टी वाजली. धूर बंद झाला. तंबूतून टाळ्या ऐकू आल्या, त्यांत रंगनाथ सरांचा आवाज सगळ्यांत वर होता.

गोदाबाईने एक डोळा उघडला. "तुमाला न्यायला कुनी येईना व्हय?"

वल्लरीने नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते उन्हाने आलं असं तिने नंतर सगळ्यांना सांगितलं.

गोदाबाई ताडपत्रीवर उठून बसली. पदर झटकला, चपला शोधून पायात घातल्या आणि तरातरा तंबूकडे निघाली. वाटेत निरीक्षक उभे होते. त्यांनी तिचं कार्ड वाचलं.

"अहो बाई, आपण मृत आहात. जागेवर जाऊन पडा. अजून पंचनामा व्हायचाय."

"मी मेलीया, मला कुटं जायची घाई हाय?" गोदाबाई म्हणाली. "पर ती झाडाखालची जित्ती हाय ना! मुकी हाय बिचारी, तिला हाक बी मारता येईना. तिला कुनी न्यायचं?"

आजूबाजूचे शिपाई हसले. राजनंदिनी हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या पडद्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि सरळ धावत सुटल्या. पेशंटकडे धावावं तशा. वल्लरीजवळ गुडघे टेकून त्यांनी तिची नाडी धरली, आणि मगच त्यांना आठवलं, की ही तर कंपनीतली वल्लरी.

"सात नंबर तर केव्हाच हिरवा झालाय हो इथे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधीपासून इथे आहात?"

आता बोलायला हरकत नव्हती. "पहिली गाडी यायच्या आधीपासून," वल्लरी म्हणाली.

दुपारी जेवणाची पाकिटं वाटून झाल्यावर तंबूत आढावा सुरू झाला. रंगनाथ सरांचं म्हणणं सरळ होतं. तालीम यशस्वी. एका स्वयंसेविकेने सूचना मोडल्या, ती नोंद तळटीपेत जाईल. सर वाईट माणूस नव्हते. वरच्यांना आकडे दाखवायचे होते, आणि आकडे खरोखर चांगले आले होते.

"सर, त्या बाईंनी सूचना मोडल्या नसत्या तर मी अजून तिथेच असते," वल्लरी म्हणाली.

"मी तर हलवलं होतं," जगदाळे म्हणाले. "धुरातून झाडाखाली. शब्द खोटा नाही."

"पण मला कुणी दिलंच नाही," राजनंदिनी म्हणाल्या. "हलवलं म्हणजे मला वाटलं, आमच्याच दुसऱ्या गाडीने नेलं."

"आम्ही पडदा बघून मोजणी केली," निरीक्षक म्हणाले. "मोजणी बिनचूक आहे. माणूस चुकला असेल."

तिघांचं बोलणं ऐकताना वल्लरीला ती मस्तानीची संध्याकाळ आठवली. त्या दिवशी तिघांनी एका शब्दाला मान डोलावली होती, पण प्रत्येकाने आपापलाच अर्थ खिशात घालून नेला होता. भांडण मिटलं असं तिला वाटलं होतं. मुळात ते मिटवायची नव्हे, पडद्यावर मांडायची गरज होती.

"तिघांचे तीन शब्द वेगळेच ठेवू," ती म्हणाली. "ज्याने जखमीला शेवटचा हात लावला, जखमी त्याच्या नावावर. पुढचा 'घेतला' म्हणेपर्यंत ठिपका लालच राहील, आणि तो कुणाच्या नावाने लाल आहे ते तिघांनाही दिसेल."

"म्हणजे माझी माणसं झाडाखाली राखण करत बसणार?" जगदाळे उसळले. "आत जीव अडकलेत आणि आम्ही बाहेर पावती मिळायची वाट बघतोय! ताई, आग थांबत नसते."

"तेही खरं आहे," वल्लरीने मान्य केलं. वाद बराच चालला. शेवटी एवढं ठरलं, की जगदाळ्यांची माणसं थांबणार नाहीत, पण जखमीला ठेवलेली जागा पडद्यावर दाखवतील. आणि राजनंदिनींचा एक माणूस फक्त त्या जागा फिरत राहील. अडचण पुरती सुटली नाही. पण आता ती कुणापासून लपलेली नव्हती.

परतताना गाडीत, येरवडा मागे पडल्यावर रंगनाथ सर म्हणाले, "पुढच्या तालमीचे आकडे वाईट येणार. वर मला उत्तर द्यावं लागेल."

"हो सर."

"देईन," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दुसरी तालीम हिवाळ्यात लोणी काळभोरच्या बाजूला झाली. आकडे खरोखरच वाईट आले. पडदा लाल नावांनी भरून गेला, या वेळी तिघांच्या एकत्र जोडलेल्या वायरलेसवर सकाळभर कचकच चालू होती. "आमचे तिघे विहिरीपाशी पडलेत, डॉक्टर, कुणी घ्यायचे?" "घेतोय, साहेब, माणूस निघालाय, ओरडू नका." वल्लरी या वेळी तंबूत होती. नवीन आलेल्या एका मुलीने घाबरून विचारलं, "मॅडम, हे असंच चालतं? मध्ये पडून शांत करू का त्यांना?"

"नको," वल्लरी म्हणाली. "बोलताहेत ना एकमेकांशी? बोलू देत."

तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि एकेक लाल नाव कमी होताना बघत बसली.