ह्यांची उजवी बाजू

"डावा स्पीकर गेलाय तुमचा," वकीलसाहेब खुर्चीतून न उठता म्हणाले. "गाणारी बाई कशी समोर उभी राहून गायला हवी. ही सगळी त्या उजव्या भिंतीला चिकटून गातेय."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ऐन वेळी माशी शिंकली ती अशी. ही यंत्रांची धोंड आज विकून घराबाहेर जाणार म्हणून मी सकाळपासून कंबर कसून होते. गिऱ्हाईक आलं, खुर्चीत बसलं, डोळे मिटून मानही डोलवू लागलं आणि आता हे.

"जाईल कसा? साहेबांनी जिवापाड जपलंय सगळं," डॉक्टर म्हणाला.

हा डॉक्टर माणसांचा नव्हे. गाण्याची यंत्रं विकणाऱ्या दुकानातला जोडणीवाला. पहिल्यांदा आला तेव्हा हातात काळी बॅग होती, पेटीच्या अंगावर हात ठेवून ती किती तापलीय ते बघत होता. माझ्या मुलीनं तिथल्या तिथं त्याचं बारसं केलं. त्यालाही ते आवडलं असावं. तेव्हापासून तो आमच्याकडे डॉक्टरच आहे आणि मी त्याची वहिनी.

स्पीकर दोन, खाली जड काळी पेटी ती पॉवर अँप, आणि मधल्या फळीवर चपटी, चंदेरी, काचेच्या पट्टीची ती प्रीअँप. सगळा जीव हिच्यात. खरं तर ही स्वतः काहीच वाजवत नाही. तबकडीवरून आलेलं गाणं घ्यायचं, किती मोठं, किती लहान ते ठरवायचं आणि पुढे धाडायचं. आमच्या इस्पितळातल्या मेट्रनबाई अशाच होत्या. पेशंटला हात लावायच्या नाहीत, पण त्यांच्यावाचून वॉर्डातलं पान हलायचं नाही.

ह्यांनी ती आणली तेव्हा मुलगी शाळेत होती. मी तिला सवत म्हणायचे. पुढे मुलगीही म्हणू लागली, "बाबा, सवतीवर फडकं घालू का?" हे हसायचे. हसण्यावारी नेण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

ही चंदेरी पेटी तासभर तापल्याशिवाय आवाज मोकळा होत नाही, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून मी ड्यूटीवरून आले की चपला काढायच्या, आधी तिचं बटण दाबायचं, मग माझ्या चहाचं आधण ठेवायचं. चालू करताना आधी प्रीअँप, मग खालची पॉवर अँप. बंद करताना उलटं. क्रम चुकला तर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि आतला पडदा फाटू शकतो. मी कधी चुकले नाही. हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून नकाशांची गुंडाळी काखेत मारून येईपर्यंत ती छान तापलेली असायची आणि मी गार पडलेली. ह्यांच्या ऐकण्याच्या वेळी मिक्सर लावायचा नाही. फ्रिजची घरघर वायरीतून येते म्हणून फ्रिज गॅलरीत.

खोलीत खुर्ची एकच. दोन्ही स्पीकरचे आवाज जिथं नेमके भेटतात तिथं, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवलेली. दुसरी खुर्ची मावली नसती असं नाही, पण तिथं आवाज बरोबर नव्हता. मी त्या खुर्चीत कधी बसले नाही. कोणी बस म्हटलं नाही, आणि मीही आगाऊपणा केला नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं. नवऱ्याला दारू नाही, पत्ते नाहीत, एवढं एक वेड आहे तर असू दे, असं माझी बहीण म्हणायची आणि मीही मान हलवायचे. एक गोष्ट मात्र मी चालवून घेतली नाही.

मुलगी शिकायला होस्टेलवर गेली होती तेव्हाची ती गोष्ट. अंघोळ करताना छातीत गाठ लागली. मी नर्स, असल्या गाठीचं काय काय होऊ शकतं ते मला पाठ. दिवसभर कोणाला बोलले नाही. रात्री हे डाव्या कुशीवर, माझ्याकडे पाठ करून पडले होते. दिवा मालवला आणि म्हटलं, "मला गाठ लागलीय. उद्या तपासायला जायचंय. याल का माझ्याबरोबर?"

उत्तर नाही. झोपले नव्हते, पाय हलत होता. गाण्याचा ठेका धरल्यासारखा.

मी परत विचारलं नाही. असलं दोनदा विचारायचं नसतं. दुसऱ्या दिवशी एकटी गेले, सुई टोचून घेतली, रिपोर्ट आणायलाही एकटीच गेले. साधी गाठ निघाली. घरी येऊन आधी सवतीचं बटण दाबलं, मग चहा ठेवला. त्यानंतर मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. वाढू का, किल्ली घेतली का, गॅसवाला येऊन गेला. ह्यांनी कधी विचारलं नाही की तू अशी का झालीस. बहुतेक शांतता बरी वाटत असावी ऐकायला, असं मी धरून चालले. हे गेले त्याला आता वर्ष होत आलं. शेवटच्या आजारात मी सगळं केलं, अंग पुसण्यापासून. पण त्या रात्रीचं मनातून गेलं नाही.

"वायरी आलटून पालटून बघतो," म्हणत डॉक्टर पेटीमागे शिरला. उजवीची वायर डावीला, डावीची उजवीला. गाणं परत लावलं. बाई टुणकन उडी मारून डाव्या भिंतीला गेली.

"म्हणजे स्पीकर ठणठणीत," डॉक्टर म्हणाला.

"आणि दोष ह्या पेटीत," वकीलसाहेब म्हणाले. "पेटीच तर घ्यायला आलोय मी. लग्नाला उभं राहायचं आणि नवरीच लंगडी!"

डॉक्टरनं वायरी पूर्ववत केल्या, रिमोट उचलला. काचेच्या पट्टीवर अक्षरं येऊ-जाऊ लागली. मग त्याचा अंगठा थांबला. मी चष्मा सावरून वाकले. बॅलन्स, असं होतं. पुढे उजवीकडे नऊ.

"हे काय?" मी विचारलं.

"दोन बाजूंची वाटणी, वहिनी. एकीचं कमी करून दुसरीला जास्त द्यायचं."

त्यानं भराभर बटण दाबून नवाचं शून्य केलं. वकीलसाहेब खुर्चीत सरळ झाले. "आली! आली समोर! अहो, हे आधी नाही का बघायचं?" त्यांनी ऐकलं, पेटीवरून मायेनं हात फिरवला आणि गाडीवाल्याला घेऊन येतो म्हणून खाली उतरले.

"पुसताना तुझा हात लागला असेल आई," आजच्यासाठी तिच्या घरून आलेली मुलगी म्हणाली.

"रिमोटला मी हात लावलाय कधी? त्याला वेगळी डबी होती. माझ्या दागिन्यांना नव्हती."

डॉक्टर खाली मान घालून तीच वायर गुंडाळत, उलगडत, परत गुंडाळत बसला. जन्म वॉर्डात काढला की एक कळतं. माणूस असा हाताला चाळा लावून बसला की त्याच्या पोटात काहीतरी आहे.

"डॉक्टर, काय ते सांगून टाका."

"साहेबांनी बजावलं होतं, घरी बोलायचं नाही म्हणून."

"साहेब आता रागवायला येणार नाहीत."

त्यानं वायर खाली ठेवली. "ताईचं बारावीचं वर्ष होतं. साहेबांचा फोन आला, उजवीकडचा आवाज मागं पडतोय. मी येऊन सगळं तपासलं. वायरी बदलल्या, आतल्या ट्यूबा बदलल्या, दुकानातली दुसरी पेटी आणून लावली. यांचं आपलं तेच, उजवी बाजू मागं पडतेय. मला तर काही फरक कळेना. शेवटी म्हटलं, साहेब, खुर्ची फिरवा, पाठमोरे बसा. बसले. आणि म्हणाले, आता डावा मागं पडला."

मला चटकन उमगलं नाही. मुलीला उमगलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"खुर्ची फिरवली म्हणून स्पीकर थोडेच फिरतात, वहिनी? फिरला तो माणूस. उजवा कान अधू झाला होता त्यांचा. मी म्हटलं कान दाखवून घ्या. तर म्हणाले, छे. हिला कळलं तर दवाखान्यात नेऊन बसवेल, कानात यंत्र घालायला लावेल, आणि यंत्रातून कसलं आलंय गाणं? तू आपलं त्या बाजूला थोडं वाढवून दे. मी तीनवर ठेवून गेलो होतो. नऊपर्यंत त्यांनी स्वतःच नेलं."

बारावीचं वर्ष. त्याच वर्षी माझं कपाट ह्या खोलीतून गेलं. उजव्या भिंतीला होतं ते. "तुझं कपाट आवाज गिळतंय," असं म्हणून ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी ते पॅसेजमध्ये नेऊन ठेवलं. आजतागायत तिथंच आहे, आम्ही अंग चोरून जातो-येतो. मग डाव्या भिंतीला जाड पडदा लावला. मग खुर्ची दोन बोटं पुढं, दोन बोटं मागं. कान सोडून घरातलं सगळं बदललं.

आणि त्यानंतरच्या वर्षी ती गाठ. डाव्या कुशीवर. चांगला कान उशीत.

वॉर्डात म्हातारा पेशंट आला की पहिल्याच पाळीला आम्ही बघून ठेवायचो, कुठल्या कानानं ऐकतो. खाटेच्या डोक्याशी त्या बाजूला चिकटपट्टी लावायचो, म्हणजे येणारी प्रत्येक नर्स तिकडून बोलेल. नव्या पोरींना मीच हे शिकवायचे. आणि घरी जेवायच्या टेबलाशी मी इतकी वर्षं ह्यांच्या उजवीकडे बसले, स्वयंपाकघर त्या बाजूला म्हणून. वाढू का, असं विचारलं की हे गप्प. मी वाढायचं थांबले. ह्यांना वाटलं असेल, हिनं विचारायचं सोडलं.

मुलगी डोळे पुसत आत गेली. "बिच्चारे बाबा," एवढं मला ऐकू आलं.

मलाही तेच वाटायला हवं होतं. आला तो संताप. ऐकलं नाही हा ह्यांचा गुन्हा नव्हता, ठीक. मग मी कोणावर रुसून बसले होते? उशीवर? आणि ऐकू येत नाही हे पेटीला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. तिघांत मिळून गुपित ठेवलं. जिचा जन्म आजारी माणसांत गेला तिला तेवढं सांगितलं नाही. का, तर ती उपाय करेल म्हणून! सवत म्हणायचे ती थट्टा होती हो माझी. हे खरंच तसं वागले.

"डॉक्टर, ते नवावर करा परत."

"वहिनी, वकीलसाहेब येतील आता."

"येऊ देत. होतं तसं करा आणि तेच गाणं लावा."

त्यानं केलं. मी जाऊन खुर्चीत बसले. बैठकीला ह्यांच्या वजनाचा खळगा पडला होता, मी त्यात एका बाजूला कलंडल्यासारखी बसले. बाई गाऊ लागली, सगळी उजवीकडून, अंगावर आल्यासारखी. मी उजव्या कानावर तळवा दाबला. ती दूर गेली. तळवा किंचित सैल केला, आणखी थोडा. तशी ती भिंत सोडून हळूहळू सरकत आली आणि माझ्या बरोबर समोर उभी राहिली. तिनं श्वास घेतलेला कळत होता. ओठ मिटल्याचं कळत होतं.

म्हणजे ह्या एका खुर्चीत ह्यांना दोन्ही कान होते. इथून उठले की एकच. मग उठावंसं का वाटेल? मला ते समजलं, आणि समजलं म्हणून राग तसूभर कमी झाला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर उजव्या हाताशी स्टुलावर चहा होता, साय धरलेला. पलीकडे मुलगी उभी होती. तिचा चेहरा बघून कळलं की तिचं काहीतरी बोलून झालंय.

"माझ्याकडे राहायला नसेल यायचं तर नको म्हण," ती मोठ्यानं म्हणाली. डोळे भरलेले होते. "पण असं दगडासारखं बसू नकोस ना. माणसानं विचारावं तरी किती वेळा?"

"मला ऐकू आलं नाही गं," मी म्हटलं. "परत सांग."

एवढंच म्हणायचं असतं. जीभ झडत नाही त्यानं. संसारात रोज कोणीतरी कोणाला तरी म्हणतं. ह्यांना ते जमलं नाही, आणि त्या रात्री परत विचारणं मला जमलं नाही.

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. माझा हात अजून उजव्या कानावर होता. मग ती स्पीकरच्या पुढून वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आली, खुर्चीशी गुडघे टेकून बसली आणि तिनं परत सांगितलं.