टॉबच्या पिशवीतलं सॉसेज

अमेरिकेतल्या शबॉयगन गावच्या वाचनालयातली मागची खोली दर रविवारी दुपारी या खेळणाऱ्यांचीच असे. अठरा वर्षं तेच टेबल, प्रत्येकाने एक सोंग घेऊन मिळून गोष्ट रचायचा तोच खेळ, तेच फासे, चीजच्या तुकड्यांची तीच पिशवी. आज एक खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं.

डोरीन व्होगेल शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात कुस्करलेला बटाटा वाढायची. गावात तिला कुणी विचारत नसे. या टेबलावर मात्र ती ओरथा देवीची महापुजारीण होती. दातांचा डॉक्टर कर्टिस एरवी तिला ओळखही दाखवत नसे. खेळात तो सरदार होता आणि तिच्या देवळात शिरताना जोडे काढायचा. हे तिला आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

तिचा नवरा मर्ल मुद्दाम डुकरं राखणारा टॉब झाला होता. देवळाचा नियम असा की हलक्या माणसाने उंबरठा ओलांडायचा नाही आणि महापुजारणीने कुणाबरोबर जेवायचं नाही. दर डावाला टॉब पायरीवर बसून हाक मारायचा, "सरकार, सॉसेज आणलंय. अर्धं तुमचं."

ती हनुवटी वर करून म्हणायची, "आम्हांला चालत नाही." सगळे खो खो हसायचे. मर्लसुद्धा.

तीन आठवड्यांपूर्वी खेळातल्या पुलावरच्या लढाईत टॉब मेला. सोबत्यांनी त्याला उचलून देवळाच्या पायरीवर आणून ठेवलं, कारण मेलेल्याला उठवायची विद्या फक्त महापुजारणीकडे. मर्ल म्हणाला, "उठव की गं." डोरीन तोऱ्यात बोलून गेली, "ज्याला सात पिढ्यांची नावं सांगता येत नाहीत, त्याला ओरथा उठवत नाही. पडू दे पायरीवरच." आणि या टेबलाचा एक पक्का कायदा होता: खेळात बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी मर्ल खरोखरच्या अंगणातला बर्फ उपसता उपसता कोसळला, तो उठलाच नाही.

खेळ चालवणाऱ्या लॉवेलने आज दोनदा घसा खाकरला. "डोरीन, त्या दिवशीचं सोडून देऊ. उठव टॉबला. आम्ही कुणी काही ऐकलंच नाही."

"हा बघ, मी जोडे काढून उभा आहे," कर्टिस म्हणाला. "सरदाराची विनंती आहे असं समज."

"म्हणजे तो सरदाराच्या शब्दाखातर उठेल होय? मर्लने तुझ्या सरदारकीला भीक घातली नसती." डोरीनचा आवाज चिरकला. "आणि उठून बोलणार कोण? लॉवेल, तू बोलशील त्याच्यासारखं?"

लॉवेल फासे चाचपू लागला.

"मी मुकुट काढते," डोरीन म्हणाली. "महापुजारीणपद सोडलं."

"अगं, वेड लागलंय का!" लॉवेल म्हणाला. "सगळी विद्या जाईल. अठरा वर्षांची कमाई. पुन्हा मिळायची नाही."

"ठाऊक आहे. बोलले मी आणि ऐकलं तुम्ही सगळ्यांनी. आता दार उघडते. पायरीवर त्याच्या शेजारी बसते."

मग लॉवेलने टॉबच्या सामानाच्या यादीचा, मर्लने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद फायलीतून काढला. "पिशवी उघडायची त्याची?"

"उघड."

"काठी. दोरी. बासरी, फुटकी." तो थांबला. "सॉसेज, एक. अर्धं डोरीनचं."

महापुजारणीचं नव्हे. डोरीनचं. तिला रडू फुटलं आणि ते तिने आवरलंही नाही.

"खाते मी," ती म्हणाली आणि कागद ओढून घेतला. खाल्लेली वस्तू कागदावरून खोडायची, हाही कायदाच. तिने खोडरबर उचललं.

"राहू दे गं," कर्टिस म्हणाला. "त्याच्या हातचं अक्षर आहे."

"अठरा वर्षं नको नको म्हटलं. आता तरी खाऊ दे."

तिने फक्त "अर्धं डोरीनचं" एवढंच खोडलं. त्याच्या वाटणीचं ठेवलं. मर्ल पेन्सिल दाबून लिहायचा, त्यामुळे खोडूनही कागदावर अक्षरांचे वळ राहिले. त्यांच्यावरून तिने अंगठा फिरवला.

"थंड झालंय रे," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली.