मागच्या खोलीचा सौदा

मोजणी झाली आणि मागची खोली बंडूची निघाली. नुसती खोली नाही, खोलीतला ओटा, पलीकडचा संडास, पाण्याची टाकी, सगळं शेजारच्या बंडूच्या हद्दीत. मोजणीवाल्यांनी चुन्याची रेघ ओढली ती थेट मधल्या दाराच्या उंबऱ्याला लागून गेली. धनश्रीनं कपाळावर हात मारून घेतला. सोळा लाखांचं घर घ्यायचं आणि भाकरी भाजायला शेजाऱ्याच्या जागेत जायचं. बंडू म्हणाला, "म्या काय लगेच पाडा म्हणत न्हाई वैनी, पण जागा माजी हाय, येवढं ध्यानात ठेवा." ध्यानात न ठेवून सांगते कुणाला.

घर मार्गासनी गावात रस्त्याकडेला होतं, गेनबातात्यांचं. तात्या आणि त्यांच्या साळूबाई पुण्याला पोराकडं राहायला निघाले होते. घेणारे धनश्रीचे सासरे, आबा. वर डोंगरात त्यांची धनगरवस्ती, तिथून शाळेला तासाची उतरण. मधला ओढा भरला की धनश्रीची शिवानी घरातच. गेल्या पावसाळ्यात तिची अडतीस दिवस शाळा बुडाली. यंदा पोरगी आठवीला. या घरासाठी निम्मी मेंढरं विकली होती, उरलेल्याला बँक उभी होती, इसार देऊन झाला होता. आणि आता ही चुन्याची रेघ.

"तात्यांना जाऊन सांगा, खोलीचे पैसे कमी करा म्हणावं," धनश्री त्याच दिवशी आबांना म्हणाली.

आबांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "आता न्हाई बोलता यायचं."

"का न्हाई?"

"कापडाखाली ठरलंय."

झालं. त्या कापडापुढं कुणाचं काही चालायचं नाही. आबांनी जन्मभर जे काही विकलं-घेतलं ते मेंढरांच्या बाजारात, उपरण्याखाली हातात हात धरून. बोटं दाबायची, आकडा ठरवायचा, तोंडानं चकार शब्द काढायचा नाही. हात सुटला की सौदा पक्का. मग घेतलेलं मेंढरू दारात येऊन मेलं तरी तोंड वाजवायला परत जायचं नाही. मेंढराचं ठीक होतं, पण या माणसानं घरसुद्धा तसंच घेतलं. तात्यांच्या अंगणात दोघं समोरासमोर बसले, उपरणं टाकलं, बोटं दाबली, हसले आणि चहा प्यायले. खोल्या किती, हद्द कुठवर, कुणी कुणाला विचारलं नाही. मोजणीचा अर्ज धनश्रीनंच हट्टानं करायला लावला, तेव्हाही आबा चार दिवस फुगून बसले होते. मोजणी मागणं म्हणजे माणसावर विश्वास नाही, असं त्यांचं म्हणणं.

नवऱ्याचं आणखी निराळंच. सिद्धनाथ टेम्पो चालवायचा, सगळीकडच्या बातम्या घेऊन यायचा आणि नेमकी नको ती बातमी घरात सांगायचा.

"तात्यांकडं पुण्याची पार्टी येऊन गेलीय," तो म्हणाला. "आठरा देतो म्हणतीय. शनिवार-रविवार राहायला पायजे त्यांना. आपण किंमत पाडून मागितली तर तात्या म्हणतील, घ्या तुमचा इसार आन् व्हा चालते."

"मग मागू नको म्हणता?"

"तसं न्हाई."

"मग मागू?"

"तसंबी न्हाई म्हणत म्या."

"मग म्हणता तरी काय तुमी?" यावर तो ओढ्यापलीकडं लावलेल्या टेम्पोचं टायर बघायला गेला. हा माणूस अडचण आली की टायरच बघतो. आजवर एकाही टायरात त्याला उत्तर सापडलेलं नाही.

तीन दिवस धनश्रीचं डोकं नुसतं भणभणत होतं. मागितलं आणि तात्या बिथरले तर घर जातंय, शिवानी परत ओढ्याच्या अलीकडं. नाही मागितलं तर घरात जाऊन करायचं काय? बंडू उद्या खोलीखालची जागेची पट्टी विकायला तयार झाला तर त्याला द्यायला आणायचे कुठून? उरलेली मेंढरं विकली तर आबा आणि सासूबाई खाणार काय? चौथ्या दिवशी शिवानीनं विचारलं, "आई, माझं नाव खालच्या शाळेतच ऱ्हाईल ना?" धनश्रीनं हातातलं पातेलं आदळलं आणि पदर खोचला.

"आबा, चला. तुमी काय बोलू नका, पण चला. तुमच्याबिगर तात्या मला उभं करायचे न्हाईत."

आबा आले. खरंच काही बोलले नाहीत. डोंगर उतरताना नाही, तात्यांच्या ओसरीत टेकल्यावर नाही. साळूबाईंनी चहा टाकला. मोजणी अख्ख्या गावानं पाहिली होती, त्यामुळं तात्या आधीच कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"खोली माझ्या बानं बांधली," ते म्हणाले. "तवा कोण आलं हुतं मापं घ्यायला? ह्यात माजी काय चूक?"

"चूक कुणाचीच न्हाई तात्या. पण खोली न्हाई तर खोलीचं पैसं कशाचं?"

"सौदा आबाशी झालाय. आबाला बोलू दे."

धनश्रीनं आबांकडं पाहिलं. आबांनी आढ्याकडं पाहिलं. "म्या बोलायचं ते तवाच बोललो," ते म्हणाले.

"बगा," तात्या म्हणाले. "मोडायचा आसंल तर मोडा म्हणावं. माजं गिऱ्हाईक थांबलंय."

गेलं घर, तिला वाटलं. आणि मग तिला असा काही संताप आला, आबांचा, तात्यांचा, त्या टायरवाल्याचा, की तिनं आबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, स्वतःच्या हातावर टाकलं आणि तो हात तात्यांपुढं धरला.

"सौदा मोडायचा न्हाई. सोळाला घर घेतलं म्हंजे घेतलं. मागची खोलीबी आमचीच. आता ती खोली म्या तुमाला इकते. बोला, कितीला घेता?"

तात्या बघतच राहिले. बाईनं कापडाखाली हात घातल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण पुढं आलेल्या हाताला पाठ दाखवायची नाही, ही रीतही त्याच बाजारातली. त्यांनी आबांकडं पाहिलं. आबांनी पहिल्यांदा आढ्यावरून नजर खाली घेतली. "मालकीण ती हाय," ते म्हणाले. "म्या मधी पडत न्हाई."

तात्यांनी हात उपरण्याखाली सरकवला. धनश्रीनं त्यांची दोन बोटं दाबली. दोन लाख.

"आगं बये, डोकं फिरलं का?" तात्या कडाडले. "त्या खोलीत हाय काय? पत्रा गळतो. भिंतीला हात घातलास तर लिंपण हातात येतं. आन् जागा तर बंडूची. दुसऱ्याच्या जागंतल्या खोलीला दोन कोण दील?"

असं म्हणाले आणि मधेच थांबले. चहाचा कप घेऊन आलेल्या साळूबाई दारातच हसायला लागल्या. "आवं," त्या म्हणाल्या, "हीच खोली तुमी सोळात घालून इकली न्हवं त्यास्नी?"

तात्यांचे कान लाल झाले. मग उपरण्याखाली धनश्रीचं एक बोट दाबलं गेलं. तिनं हात सोडला नाही. तात्यांनी पुढच्या बोटाचं अर्धं पेर धरलं. दीड. बंडूची पट्टी तेवढ्यात येत होती, तिनं विचारून ठेवलं होतं. तिनं हात सोडला.

"पत्रं म्या काढून न्येणार न्हाई," तात्या पुटपुटले. "आसू दे तुमालाच. पुण्याच्या पार्टीला काय सांगायचं ते म्या बगतो."

वर जाताना धनश्री दीड लाखांचा हिशेब पुन्हा पुन्हा बोटांवर करत होती. घर झालं होतं. शिवानी शाळेला चालत पाच मिनिटांत पोचणार होती. अर्धा डोंगर चढेपर्यंत आबा मुकाट्यानं पुढं चालत होते. धनश्रीला वाटलं, म्हातारा दुखावला. आता जन्मभर ऐकावं लागणार.

ओढ्यापाशी आबा थांबले आणि मागं वळले.

"लई लवकर हात सोडलास," ते म्हणाले. "म्या आसतो तर पावणेदोन काढलं आसतं."