मदतीची गरज आढळली नाही

भत्ता नाकारल्याचं पत्र आलं आणि बाइंडरबाई चक्क खूश झाल्या.

तीस वर्षं त्यांनी छापखान्यात पुस्तकं बांधली होती. छापील पानांचे फर्मे शिवायचे, कण्याला खळ लावायची, वर पुठ्ठा चढवायचा. मग संधिवातानं बोटं अशी धरली की सुई सोडाच, साधं बटणही लागेना. नोकरी सुटली. नणंदेनं हात धुऊन मागे लागून अपंगत्व भत्त्याचा अर्ज भरायला लावला. एक साहेब घरी येऊन तपासणी करून गेले. त्याचं हे उत्तर: ‘अर्जदार सर्व दैनंदिन कामे स्वतः करतात. इतर कोणाच्याही मदतीची गरज आढळली नाही. सबब भत्ता नामंजूर. निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांत फेरतपासणीसाठी अर्ज करावा.’

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि वर्गात पहिल्या आलेल्या मुलीच्या तोऱ्यात नणंदेची वाट पाहत बसल्या.

नणंद मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांशेजारी बसून ‘ब्रेक! ब्रेक!’ ओरडायचं, त्यामुळे आवाज कमावलेला. दहा वर्षांपूर्वी भाऊ गेला तेव्हा ती वहिनीला सोबत म्हणून चार दिवस राहायला आली होती. ते चार दिवस अजून चालूच होते.

“वन्सं, हे बघा! सरकारनं लिहून दिलंय, मी ठणठणीत आहे.”

नणंदेनं पायातले बूटही न काढता पत्र वाचलं. “वहिनी, तू त्यांना सांगितलंस तरी काय?”

“त्यांनी विचारलं, कशा आहात? म्हटलं, मजेत.”

“मजेत!”

“मग काय, परक्या माणसासमोर रडगाणं गाऊ? चांगला चहा दिला त्यांना.”

“थर्मासमधला! मी पहाटे करून ठेवलेला. झाकणसुद्धा सैल करून.”

“ते कुठे विचारलं त्यांनी?”

नणंदेनं पत्रातल्या त्या एका ओळीवर बोट ठेवलं. “कोणाच्याही मदतीची गरज नाही. मग मी या घरात कोण गं? भाडेकरू?”

चौकापलीकडून ऐकू जाणारा तो आवाज इतका बारीक झाला की बाईंना कसंसंच झालं. जेवतानाही नणंद गप्प होती. एरवी त्या दिवशी कुणी गाडी कुठे ठोकली याच्या नकला ऐकल्याशिवाय घास उतरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना पहाटेच जाग आली. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. स्वयंपाकघरात बरण्यांची झाकणं एकेक करून सैल होत होती. दुधाची पिशवी कापली गेली. भाजी चिरली गेली. मग मध्येच सगळं थांबलं. बाईंनी दारातून हळूच पाहिलं. नणंद ओट्याला टेकून कंबर चोळत उभी होती.

आपण आयत्या बिळावरचा नागोबा, बाईंच्या मनात आलं. इतकी वर्षं तयार ओट्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि स्वयंपाक मीच करते म्हणायचं!

तरीही दोन दिवस त्यांचं मन पुढे-मागे होत राहिलं. फेरतपासणी म्हणजे चार अनोळखी माणसांत बसून ‘मला माझे केस विंचरता येत नाहीत’ म्हणायचं. नुसत्या कल्पनेनं कानशिलं तापायची. आणि एवढं करून पुन्हा नकार आला तर? तेलही गेलं, तूपही गेलं. पण पत्रातलं खोटं साहेबांनी पदरचं घातलं नव्हतं. ते बाईंच्याच तोंडून गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “वन्सं, कागद घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा.”

“तू का नाही लिहीत?”

“मला लिहिता येत नाही. पहिलं तेच लिहा!”

नणंदेनं वर पाहिलं आणि गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच हसली. मग गाडी सुसाट सुटली.

“स्वेटरमध्ये डोकं अडकून अर्धा तास बसली होतीस, ते लिहू?”

“लिहा. तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि मी आतूनच ‘कोण आहे’ म्हणून ओरडले, तेही लिहा.”

“आणि पोस्टमन घाबरून पळाला!”

हसून हसून नणंदेच्या हातातलं पेन पडलं. चार पानं भरली तरी गोष्टी संपेनात.

फेरतपासणीला टेबलापलीकडे एक डॉक्टरीणबाई आणि एक कारकून होते. डॉक्टरीणबाईंनी बोटं तपासली, मूठ वळायला सांगितली. ती अर्ध्यातच अडली. मग त्यांनी नणंदेला विचारलं, “तुम्ही यांना काय काय मदत करता?”

आणि चार पानं लिहून आणलेली ती वाघीण एकदम लाजली. “छे हो, मी काय करते! घरचंच आहे. आपलं थोडंफार.”

“थोडंफार?” बाई ताडकन उठल्या. “डॉक्टर, धडधडीत खोटं बोलतायत या! पहाटे पाचला उठतात. माझी भाजी चिरतात, दूध तापवतात, माझी बटणं लावतात. दिवसभर लोकांकडून गाड्या आपटून घेतात आणि घरी आल्या की माझे पाय चेपतात. माझे केससुद्धा यांनीच विंचरलेत, बघा!” त्यांनी गर्रकन वळून आपली वेणी दाखवली. लाज वाटायची राहूनच गेली.

कारकून लिहिता लिहिता हसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वेणी छान आहे. तुमच्या दोघींत अर्ज नक्की कुणाचा?”

“माझाच. पण दमछाक यांची होते.”

सहा आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. नणंदेनं ते जिन्यातच मोठ्यानं वाचलं, त्यामुळे शेजाऱ्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. भत्त्यातून आठवड्याचे चार दिवस सकाळी एक मदतनीस बाई लावली.

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. तिनं भांडी काढायला सुरुवात केली, तोच बाईंनी तिला थांबवलं. आतल्या खोलीतून खणखणीत घोरणं ऐकू येत होतं.

“कोण झोपलंय?” मदतनीस बाईनं दबक्या आवाजात विचारलं.

“आमच्या वन्सं,” बाई कौतुकानं म्हणाल्या. “जरा हळू हं. साडेसातपर्यंत झोपायचं म्हणाल्यात.”