त्र्याहत्तर बाद

गावाला मत द्यायला मीच शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात किती, हे मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही.

पंच्याण्णव सालची विधानसभा. आमचं गाव वडखळच्या खाली, खाडीच्या कडेला. दीडशे घरं, चारशेच्या आसपास मतं, आणि शेती सगळी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी आणि आमचं भात यांच्यामध्ये उभा असतो तो बाहेरचा बांध. तो गावानं घातला आणि गावानंच राखला. बांध फुटला, म्हणजे आमच्या भाषेत खांड गेली, की हाक पडायची आणि घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन चिखलात उतरायचा. याला जोळ म्हणतात. जोळीला कोण आलं नाही हे गाव तीन पिढ्या विसरत नाही.

निवडणुकीच्या दोन वर्षं आधी जी खांड गेली ती मात्र जोळीनं बुजेना. आम्ही दिवसभर चिखल टाकावा आणि भरतीनं तो रात्रीतून न्यावा. का बुजत नव्हती ते गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बांधाच्या पायथ्याशी रेतीवाल्या शेठच्या बोटींनी वर्षभर रेती उपसली होती. पायच खणून काढल्यावर बांध कशावर उभा राहणार? माझी दीड एकर जमीन तेव्हापासून खारी पडली. आणि आता तोच शेठ आमदारकीला उभा होता.

मतदानाला दहा दिवस असताना शेठनं खांडीवर पोकलेन मशीन पाठवलं. पिवळंधमक, नवं. दोन वर्षं आम्ही हातांनी जे करत होतो ते त्यानं दोन दिवसांत निम्मं केलं. मी बांधावर उभा राहून बघत होतो आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याचा राग अजून येतो मला.

शेठचा माणूस प्रविण तिसऱ्या दिवशी देवळात आला. गावकी बसली होती. तो म्हणाला, "शेठ बोलले, उरलेलं काम मतदानानंतर पुरं करून देतो. पन या गावची सगळी मतं पायजेत. पेटी उघडली की आमाला आकडा कळतो. कमी पडली तर मशीन चाललं."

तो गेल्यावर गावकीचे पाटील बाबाजी यांनी सगळ्यांकडं बघितलं. "बोला. दुसरा कोन हाय?"

दुसरा कोण, हा प्रश्न मी महिनाभर स्वतःला विचारत होतो. दुसरा उमेदवार सभेत निम्मा वेळ देवळा-मशिदीचं ओरडायचा आणि उरलेल्या वेळात सांगायचा, "या खाडीपट्ट्याचं रोहा करीन! घरटी एक नोकरी!" लोक टाळ्या पिटायचे. मी सहा वर्षं रोह्याच्या एका कंपनीत कंत्राटावर होतो. रोह्याजवळ खांब गावात माझा मेहुणा हैबतराव, त्याच्या पडवीत राहायचो आणि शिफ्टला जायचो. रोह्याचं रोहा कसं झालं ते मी माझ्या छातीत घेऊन परत आलोय, अजून पहाटे खोकला सुटतो. ज्या दिवशी कंत्राट संपलं त्या दिवशी साधं जा म्हणायलाही कुणी फाटकावर आलं नाही.

तिसरा पक्ष आमचा. म्हणजे माझा. त्या झेंड्याखाली मी पेणच्या कचेरीवर मोर्चा नेला, पाठीवर लाठी खाल्ली, दोन रात्री आत काढल्या. त्यांचा उमेदवार एकेकाळी आमच्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला. आता त्याच्या पुतण्याच्या दोन बोटी शेठच्याच धंद्यात रेती काढत होत्या. कुंपणानंच शेत खाल्लं तर तक्रार कुणाकडं करायची?

बायको, इंदू, म्हणाली, "दगडापरीस वीट मऊ म्हनतात. त्यातल्या त्यात बघा."

"वीट कुठली गो? तिन्ही दगडच," मी म्हणालो.

"मग निदान बांध तरी होईल. शेत तरी पिकंल." आणि ती चुलीकडं वळली. तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही.

गावकीत कुणीच उलट बोललं नाही. मीही नाही. पानसुपारीचं तबक फिरलं. आमच्याकडं गावकीची सुपारी घेतली की शब्द दिला, मग त्यात मागंपुढं नाही. मी घेतली. तोंडात टाकली नाही, मुठीत धरून बसलो, जसा काही त्यानं फरक पडणार होता.

मग बाबाजी म्हणाले, "काळुराम, तू लिवतावाचता हाईस. बायामान्सांना शिकव. एकपन मत फुकट जाता कामा नये."

मी शाळेच्या वहीचा कागद फाडून त्यावर एकाखाली एक तिघांच्या निशाण्यांची चित्रं काढली आणि देवळाच्या ओट्यावर बसलो. समोर बाया, म्हातारे, आणि मजा बघायला म्हणून बाकीचे सगळेच. मी सांगत होतो. शिक्का चित्रावरच मारा. घडी उभी घाला, आडवी घातली तर ओली शाई दुसऱ्या चित्रावर उठते आणि घोटाळा होतो. दोन चित्रांवर शिक्का मारला की मत बाद.

ठमाकाकीनं हात वर केला. ती माझी शेजारीण, सत्तरीची विधवा, घरात एकटी. मिठागरात आयुष्य गेलं, तिथल्या झळीनं डोळे अधू झालेले. तिनं विचारलं, "बाद म्हंजी ते मत कुनालाच नाय?"

"कुनालाच नाय, काकी."

"नक्की? कुनालाच?"

"नक्की. म्हनून तर सांगतोय, नीट बघून मारा."

ओट्यावर कुणी हसलं नाही, एरवी काकीच्या बोलण्यावर हसतात. सगळे माझ्या कागदाकडं अगदी लक्ष देऊन बघत होते. मला वाटलं, किती चांगलं शिकवतोय मी.

मतदानाच्या दिवशी सकाळीच शाळेत रांग लागली. बोटाला शाई लागली, कागद हातात आला आणि मी पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेलो. आमच्या गावात माणूस जन्मतो तो दहा जणांच्या देखत आणि मरतो तो शंभरांच्या. त्या पुठ्ठ्यामागं मात्र मी एकटा होतो. शेठचं चित्र बघितलं आणि मला बांधाच्या पायथ्याची बोट दिसली. दुसरं बघितलं आणि खोकला आला. तिसऱ्यावर बोट ठेवलं तर डोळ्यांत पाणी आलं, ते का ते सांगता येणार नाही. खांडीवर निम्म्यात थांबवलेलं मशीन त्या दिवशी नुसतंच चालू ठेवलं होतं, त्याचा आवाज शाळेपर्यंत येत होता. चारशे मतांत एक माझं. एकानं काय होतंय? कुणालाही वाटेल, अडाण्याची चूक झाली. मी तिघांच्याही चित्रांवर शिक्का मारला, जोर लावून मारला, उभी घडी घातली आणि पेटीत टाकून बाहेर आलो. दारात बाबाजी उभे होते. "शब्दाप्रमानं?" त्यांनी विचारलं. "शब्दाप्रमानं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मशीन बंद होतं. ड्रायव्हर म्हणाला, बिघडलंय.

मोजणी झाली. शेठ पाच-सहा हजारांनी निवडून आला. आमच्या गावाची मतं आली नसती तरी आलाच असता. संध्याकाळी प्रविण जीपमधून उतरला आणि देवळासमोर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुमच्या पेटीत त्र्याहत्तर बाद. शेठ बोलले, अडानी दोन-चार असतात. त्र्याहत्तर नसतात." मागून ट्रेलर आला आणि अर्ध्या बुजलेल्या खांडीवरून मशीन उचलून घेऊन गेला. तसंही गेलंच असतं असं मला वाटतं. पण ते वाटणं आता कुणाला सांगायचं?

मी मात्र त्र्याहत्तर हा आकडा ऐकून घरी जाऊन भिंतीला टेकून बसलो. त्र्याहत्तर! मला वाटत होतं, मी एकटा आहे. त्र्याहत्तर जण त्या सुपारीच्या तबकासमोर बसले होते आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं. दहा जण जरी बोलले असते तर गावकी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली असती. काय ठरलं असतं देव जाणे, पण काही ठरलं असतं.

बाबाजींनी गावकी बोलावली. देवीपुढं नारळ ठेवला. आळीच्या क्रमानं घरटी एकानं यायचं, नारळावर हात ठेवायचा आणि घराच्या वतीनं सांगायचं, मतं शब्दाप्रमाणं दिली. एकेक जण उठत होता. जनू, गुणाजी, महिपती. "शब्दाप्रमानं." "शब्दाप्रमानं." आवाज खाली, नजर खाली. मी प्रत्येकाकडं बघत होतो आणि ओळखू येत होतं कोण खोटं बोलतंय. आळी संपत आली.

ठमाकाकी चाचपडत पुढं गेली. तिनं नारळावर हात ठेवला. "माझं बाद," ती म्हणाली. "आंधळी म्हनून नाय. मुद्दाम केलं. तिघंबी चोर, त्यांना कशाला देऊ?"

पुढचं घर माझं.

मी उठलो. मी म्हणालो असतो, "माझंपन बाद," तर दोन झाले असते. माझ्यामागं जनूचा भाऊ बसला होता, त्याचे ओठ हलताना मी बघितले. तिसरा तो झाला असता. मग कदाचित चौथा. सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं, आणि ज्यानं गावाला बाद म्हणजे काय ते शिकवलं त्याच्याकडं बघत होतं. हे माझ्या डोक्यावर येणार, वाळीत मी जाणार, मुलीचं लग्न ठरत होतं ते मोडणार. एवढं सगळं चार पावलांत मनात आलं.

नारळ गार होता. "शब्दाप्रमानं," मी म्हणालो.

माझ्यानंतर सगळे तेच म्हणाले. ठमाकाकीला वर्षभरासाठी वाळीत टाकलं. तिच्याशी बोलायचं नाही, पाणी-विस्तव बंद, तिच्या शेताला जोळ नाही. एका म्हातारीनं त्र्याहत्तर शिक्के कसे मारले, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उरलेले बहात्तर शोधावे लागले असते, आणि ते सगळे तिथंच बसले होते.

पुढच्या पुनवेच्या उधाणाला अर्धी भरलेली खांड पुन्हा तुटायला लागली. बाबाजींनी जोळीची हाक दिली. दीडशे घरांतून अकरा माणसं आली. ती अकरा एकमेकांकडं बघत चिखलात उभी राहिली आणि दुपारच्या आत पांगली. नारळावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस शेजारी फावडं चालवतोय, हे प्रत्येकाला माहीत होतं. स्वतःबद्दलही माहीत होतं.

परवा पहाटे खोकल्यानं जाग आली म्हणून मी बांधावर गेलो. खांडीच्या तोंडाशी कुणीतरी वाकलेलं होतं. ठमाकाकी. हातानं चिखल चाचपून घमेल्यात भरत होती. त्या खांडीपुढं तिचं घमेलं म्हणजे चूळ भरण्याएवढं पाणी.

मी खाली उतरलो. "काकी," मी म्हणालो, "माझंपन बाद होतं."

तिनं मान वर केली नाही. "ठावं हाय. सुपारी मुठीत धरून बसलावतास. तुला वाटतं, मला दिसत नाय."

"काकी, मी..."

"मला काय सांगतोस? गावात सांग."

"सांगतो," मी म्हणालो. भरती लागत होती, पाणी आमच्या घोट्यांपर्यंत आलं होतं. गावात कोंबडं आरवलं, कुणाच्या तरी दाराची कडी वाजली. तिनं घमेल्याला हात घातला आणि एका बाजूनं धर अशी मान हलवली.

मी घमेलं तिच्या डोक्यावर चढवून दिलं. मग नीट उजाडायच्या आत बांधावरून उतरलो, तिच्याजवळ मला कुणी बघू नये म्हणून.