एकतिसावं पान

फिलसननं दोन पानं एकदम उलटली आणि तेहतिसाव्या पानावरून पुढे वाचायला सुरुवात केली. आवाज तिनं मुद्दामच थोडा चढवला.

समोर चटईवर बसलेल्या इबादो मावशीनं लहोहचा, जाळीदार धिरड्याचा, तुकडा चहात बुडवला, पण तोंडाशी नेला नाही.

"दोन उलटलीस," ती म्हणाली.

"चिकटली होती."

"मग सोडव की. मधे काय आहे?"

"काही नाही गं. कोरं आहे."

"छापलेल्या पुस्तकात कोरं पान?" मावशी हसली. "आमच्या दूधबाजारात अर्धं भांडं भरून विकलं, तर बायका झिंज्या उपटतील. तुम्हा शिकलेल्यांचं बरं आहे."

फिलसनही हसली. हसताना तिचे कान तापले होते. मावशीला वाचता येत नव्हतं. सकाळी बुराओहून निघून, उंटिणीच्या धुरी दिलेल्या दुधाचा कॅन मांडीवर धरून, ती हरगेसाला आली होती ती केवळ बहिणीच्या लेकीचं पुस्तक कानांनी ऐकायला. आणि फिलसन तिच्यासमोर बसून तिचंच गाणं तिच्यापासून लपवत होती.

कारण एकतिसाव्या पानावरचं गाणं मावशीचं होतं. फिलसनची आई शमिस गेली, तेव्हा मावशीनं ते धाकट्या बहिणीसाठी रचलं. अख्खं गाणं 'प'वर चालत होतं. 'पाठच्या बहिणी, पाण्याला निघालीस, पखाल इथेच पडली.' बुराम्बुर, म्हणजे बायकांचं असं गाणं, रचायचं, तर एकदा धरलेलं अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत सोडायचं नसतं. आणि दुसरीचं गाणं म्हणायचं, तर आधी रचणारीचं नाव, तिच्या बापाचं नाव, आणि मगच पहिली ओळ. नाव न घेता म्हणणं म्हणजे दुसऱ्याची उंटीण आपल्या कळपात हाकणं. हे फिलसन शाळेत मुलींना दरवर्षी शिकवायची. एखादी विसरली तर तिला उभं करायची.

दोन वर्षांपूर्वी बायकांच्या एका बैठकीत ती स्वतःच विसरली. आईच्या आठवणीनं गळा दाटला होता, नाव घ्यायचं राहिलं, ओळ आधी आली. गाणं संपल्यावर बायका रडत होत्या. रोदा, जी बायकांची पुस्तकं छापते, ती जवळ येऊन म्हणाली, "तुझं आहे?" फिलसननं खांद्यावरची ओढणी सारखी केली. नाही म्हणायला तेवढाच वेळ होता आणि तो ओढणीत गेला. पुढे छापायच्या वेळी तिनं स्वतःच्या हातानं 'पाठच्या बहिणी' खोडून 'माझ्या आई' लिहिलं, आणि पुढे तसंच म्हणूही लागली. पहिल्या चुकीला निदान दाटलेल्या गळ्याचं निमित्त होतं. या दुसरीला काहीच नव्हतं.

"उद्या पुस्तकाच्या कार्यक्रमात मलाही मंचावर बसवणार म्हणे ती रोदा," मावशी म्हणाली. "मी काय म्हणू तिथे?"

"तुला वाटेल ते म्हण."

"मला वाटेल ते?" मावशीनं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग गार झालेला तुकडा तोंडात टाकला. "बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह बायकांनी फुलून गेलं होतं. उदाचा वास, पातळ झग्यांचे रंग, आणि सगळ्यांचं एकदम बोलणं. फिलसननं सकाळीच ठरवलं होतं. आपली पाळी आली की पहिलंच वाक्य बोलायचं: एकतिसाव्या पानावरचं गाणं माझं नाही. वाक्य तिनं आरशासमोर सहा वेळा म्हणून पाहिलं होतं. मग शाळा काय म्हणेल, रोदा काय म्हणेल, ते नंतर बघू. निदान मावशीला वर मान करून पाहता येईल.

पण रोदानं आधी मावशीला बोलावलं.

"या इबादो वरसमे. बुराओच्या आहेत. यांच्या मांडीवर बसून आपली फिलसन बोलायला शिकली. मावशी, एखादं गाणं?"

मावशी उभी राहिली. माइक नको म्हणाली. टाळीचा ठेका दोनदा धरला आणि थांबली, कारण आता नाव घ्यायचं असतं. सभागृह गप्प झालं. मावशीनं फिलसनकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

फिलसनला उठता आलं असतं. बसल्या जागेवरून ओरडली असती, तरी चाललं असतं. ती बसून राहिली.

"हे गाणं रचलंय," मावशी म्हणाली, "शमिसच्या लेकीनं, फिलसन आदन हिनं."

आणि तिनं गाणं सुरू केलं. "माझ्या आई, पाण्याला निघालीस, पखाल इथेच पडली."

माझ्या आई. सख्ख्या धाकट्या बहिणीला मावशी चारशे बायकांसमोर आई म्हणत होती. 'प'वर चालणाऱ्या गाण्याची पहिलीच ओळ लंगडत होती, आणि जिच्या गाण्यात आयुष्यात एक अक्षर पडलं नव्हतं, ती बाई ते लंगडणं जसंच्या तसं, एकही ठेका न चुकवता म्हणत होती. शेवटी बायकांनी जिभा नाचवून आनंदाचा गजर केला. माना फिलसनकडे वळल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिची पाळी आली. वाक्य जिभेवर तयार होतं, पण आता ते बोलायचं, तर मावशी खोटी ठरत होती. भर सभेत नाव घेऊन खोटं बोललेली. फिलसननं सगळ्यांचे आभार मानले, भलतंच एक गाणं वाचलं आणि खाली उतरली.

दाराशी मावशीला एका म्हाताऱ्या बाईनं गाठलं. बुराओची दहाबो, मावशीची जुनी शेजारीण.

"काय गं इबादो, शमिस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तू हे म्हटलं होतंस ना? तेव्हा 'पाठच्या बहिणी' होतं. मी बहिरी नाही झाले अजून."

"तुझा काहीतरी घोळ होतोय."

"अगं, ओळ लंगडते! 'आई'नं अक्षर मोडतं. तू कधी अक्षर मोडलं नाहीस."

"वय झालं, दहाबो. मोडतं कधी कधी," मावशी म्हणाली. "रचणारीनं लिहिलंय तेच खरं."

दहाबोनं फिलसनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

टॅक्सीत मावशीनं रिकामा कॅन मांडीवर घेतला. रेडिओवर कुणीतरी बकऱ्यांचे भाव सांगत होतं.

"तुला माहीत होतं," फिलसन म्हणाली.

"बुराओत काय फोन नाहीत? तू म्हटलेलं ते रेकॉर्डिंग दूधबाजारातल्या पोरी वर्षभर लावतायत. फिलसनचं गाणं, फिलसनचं गाणं. त्या बदललेल्या ओळीसकट पाठ झालं माझं."

"मग कालच का नाही बोललीस?"

"मी तुला विचारलं, मधे काय आहे. तू म्हणालीस, कोरं."

फिलसनला रडू फुटलं. लहानपणी फुटायचं तसंच, नाकातून.

"आणि आज माझं नाव का घेतलंस?"

"थांबले होते की मी. किती थांबू?" मावशीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू बसून राहिलीस. मग काय, चारशे बायकांत शमिसच्या पोरीला चोर म्हणू? माझी बहीण मातीत आहे, फिलसन. तिला आई म्हणावं लागलं मला."

टॅक्सी मांसबाजाराजवळ गर्दीत अडकली. फिलसननं ओढणीनं तोंड पुसलं, पिशवीतून पुस्तक काढलं आणि एकतिसावं पान उघडलं.

"वाचू?"

मावशीनं कॅनवर बोटांनी ठेका धरला. दोनदा, आणि थांबली.

"हे गाणं रचलंय," फिलसन म्हणाली आणि तिचा आवाज बसला. तिनं पुन्हा सुरुवात केली. "हे गाणं रचलंय इबादोनं, वरसमेच्या लेकीनं. पाठच्या बहिणी, पाण्याला..."

"मोठ्यानं," मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "टॅक्सीवाल्याला नाव ऐकू गेलं नाही."

टॅक्सीवाल्यानं रेडिओ बंद केला.